घरचा अहेर आणि फ्रेंच झेंडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. खालच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून वेगळी नोंद करतेय. मूळ लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात : फ्रान्समधल्या रेन शहरातल्या आमच्या शेजारीण मादाम, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, इंटरनेटवर दिवसभर कशाकशावर वैतागतात आणि त्या वैतागात मला त्यांचं देशप्रेम कसं दिसतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता :

‘नाचता येईना अंगण वाकडं, असला हा फ्रेंचांचा प्रकार. गूगल काढता आलं नाही म्हणून गूगलला दंड ठोकतात. मिनिटेलला [टेलिफोनला जोडायचं, इंटरनेटच्या आधीचं फ्रेंच यंत्र] कवटाळून बसले आणि जग पुढे गेलं. जी बाई १४ जुलैला खिडकीत झेंडा लावत नाही, तिच्या देशप्रेमाचं कौतुक आम्ही का वाचायचं? तिकडे बसून इथल्या लोकांना टोमणे मारू नका.’

दंडापासूनच सुरू करू, कारण तिथे तुमचा हिशेब सपशेल चुकलाय. दंड ठोकणाऱ्या आयोगाचं नाव क्नील, लोकांच्या खासगी माहितीची राखण हे त्याचं काम. तो ज्या कायद्याने आला, तो कायदा ६ जानेवारी १९७८ चा. गूगलचा जन्म व्हायला तेव्हा वीस वर्षं होती आणि फेसबुकवाल्याचाही झाला नव्हता. मग हा आयोग कोणाच्या भीतीने काढला? स्वतःच्याच सरकारच्या!

सत्तरच्या दशकात फ्रेंच सरकारच्या सांख्यिकी संस्थेने एक योजना आखली. तिच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून शब्द तयार झाला ‘सफारी’. प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक असतोच. त्या एका क्रमांकाच्या दोरीत सगळ्या सरकारी खात्यांमधल्या नोंदी ओवायच्या, अशी कल्पना. २१ मार्च १९७४ ला ‘ल माँद’ या दैनिकाने बातमी फोडली. मथळ्याचा अर्थ होता : सफारी, म्हणजेच फ्रेंच माणसांची शिकार. असा गदारोळ झाला की योजना गुंडाळावी लागली, समिती बसली आणि चार वर्षांनी कायदा आला.

लोक एवढे का बिथरले? मादाम त्यांचा क्रमांक घडाघडा म्हणून दाखवतात. पहिला आकडा २, म्हणजे स्त्री. मग जन्मवर्ष, महिना, जन्माचा जिल्हा, गाव. या क्रमांकाची मुळं व्हिशी सरकारच्या काळातली, म्हणजे जर्मनांपुढे मान तुकवलेल्या राजवटीतली. तो ज्यांनी आखला ते रने कार्मिय लष्कराच्या हिशेब खात्यातले अधिकारी. हेच गृहस्थ छुपेपणाने प्रतिकार चळवळीत होते. १९४४ मध्ये लियाँला पकडले गेले आणि १९४५ च्या जानेवारीत डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले. दुसरीकडे पॅरिसच्या पोलिसांनी १९४० मध्ये ज्यूंची नोंदणी करून कार्डांचे गठ्ठे तयार केले होते. जुलै १९४२ मध्ये सुमारे १३,००० माणसं उचलली गेली ती याच कार्डांवरचे पत्ते पाहून. उचलणारे पोलीस फ्रेंच. तेव्हा ‘सरकारकडे माहिती असली तर बिघडलं काय, आपण काय चोर आहोत?’ हा आपल्याकडे सर्रास ऐकू येणारा सवाल मादामसमोर टाकून बघा. मी एकदा टाकला होता. चहा गार झाला, त्या बोलायच्या थांबल्या नाहीत.

बरं, क्नील फक्त परक्यांवर गुरगुरते असंही नाही. २०२१ मध्ये ‘ल फिगारो’ या अस्सल फ्रेंच, त्यातून उजव्या वळणाच्या, वर्तमानपत्राला कुकीजच्या (वाचकाचा माग ठेवायला साइट त्याच्या संगणकावर ठेवतात त्या नोंदींच्या) भानगडीत ५०,००० युरोंचा दंड झाला. २०२३ मध्ये क्रितेओ या पॅरिसच्या जाहिरात कंपनीला ४ कोटींचा. जानेवारी २०२१ मध्ये तर खुद्द गृह मंत्रालयाला तंबी मिळाली, कारण पोलीस परवानगीशिवाय ड्रोन उडवून लोकांचं चित्रण करत होते. (सरकारला दंड करायचा अधिकार या आयोगाला नाही. मादामच्या मते कायद्यातली ही पळवाट मुद्दाम ठेवलेली आहे.)

आणि ज्या दंडाचा तुम्हाला एवढा राग आला, गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो, जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेला, तो कशासाठी होता? कुकीज ‘स्वीकारा’ म्हणायला एक बटण आणि ‘नको’ म्हणायला बऱ्याच टिचक्या माराव्या लागत होत्या, म्हणून. आयोगाचं म्हणणं एवढंच की नकार देणंही होकाराइतकंच सोपं हवं. आज इथल्या बऱ्याचशा साइटवर चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘न स्वीकारता पुढे जा’ असं लिहिलेलं असतं. मादाम चष्मा कपाळावर सरकवून, नाक पडद्याला लावून तेवढंच शोधतात आणि सापडलं की टिचकी मारतात. फ्रेंच वर्तमानपत्रांच्या साइट उघडल्या की मात्र त्यांचा पारा चढतो, कारण तिथे बऱ्याच ठिकाणी दोनच पर्याय असतात : कुकीज घ्या नाहीतर पैसे भरा. अमेरिकन कंपन्यांना त्या शिव्या देत नाहीत, त्यांच्याकडून अपेक्षाच नाही. शिव्या आपल्या माणसांना. घरचा अहेर म्हणतात तो हा.

आता मिनिटेल. तुम्हाला वाटतं ते एक हट्टाने जपलेलं खेळणं होतं. मादामनी ते स्वतःच्या हाताने वाटलेलं आहे. आमच्या रेनला लागूनच असलेल्या सेझों-सेव्हिन्ये इथल्या संशोधन केंद्राचा त्यात मोठा हात. १९८० मध्ये सां-मालोत पहिली चाचणी झाली आणि पुढे आमच्याच जिल्ह्यापासून वाटप सुरू झालं. छापील टेलिफोन डिरेक्टरीच्या बदल्यात टेलिफोन कचेरीत जाऊन यंत्र फुकट घेऊन यायचं. मादाम त्या काउंटरवर. त्यांच्या कपाटात अजून एक आहे : तपकिरी-बदामी रंगाचा ठोकळा, पडद्यावर झाकणासारखा मिटणारा कीबोर्ड, त्याच्या कळांवर ‘पुढे’, ‘मागे’, ‘पाठवा’, ‘संपर्क/समाप्त’. फोन लावायचा, शिट्टी ऐकू आली की कळ दाबायची, रिसीव्हर ठेवायचा. रेल्वेचं तिकीट, बँकेतली शिल्लक, बारावीच्या तोडीच्या ‘बाक’ परीक्षेचा निकाल, सगळं त्यावर. १९८४ पासून पैसे मिनिटाच्या दराने थेट टेलिफोनच्या बिलात. सेवा देणाऱ्याला त्यातला वाटा. कोणाला कार्डाचा नंबर द्यायला नको, जाहिराती बघायला नकोत. पुण्यामुंबईत टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे दिवस होते ते.

हो, ३६१५ हा नंबर फिरवून मिळणाऱ्या सेवांवर चावट गप्पांचा धंदाही तुफान चालला आणि त्याचा वाटा सरकारच्या टेलिफोन खात्याच्या गल्ल्यात पडत होता, हे सांगताना मादाम लाजत नाहीत. उलट खुसुखुसू हसतात. दुकान ३० जून २०१२ ला बंद झालं. तेव्हा ‘कवटाळून बसले’ यात थोडं तथ्य आहे. स्वतः पंतप्रधान जोस्पँ यांनी १९९७ मध्ये हूर्तँ गावातल्या भाषणात मिनिटेलमुळे इंटरनेटला खीळ बसण्याची भीती बोलून दाखवली होती.

पण खरी चूक मिनिटेलची नव्हतीच. ती त्याआधीची आणि तिच्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लुई पूझँ या फ्रेंच अभियंत्याने ‘सिक्लाद’ नावाचं संगणकांचं जाळं उभारलं. माहितीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेने सोडायचा, हरवला-उलटसुलट पोचला तर दोन टोकांच्या संगणकांनी निस्तरायचं, मधल्या जाळ्याने डोकं चालवायचं नाही. टेलिफोन खात्याला हे पचेना. त्यांना हवं होतं टेलिफोनसारखं, मधूनच सगळं नियंत्रित करता येईल असं जाळं. त्यांचं ‘ट्रान्सपाक’ १९७८ मध्ये सुरू झालं आणि सिक्लादचा पैसा आटला. तिकडे अमेरिकेत व्हिंट सर्फ आणि बॉब कान या संगणकतज्ज्ञांनी पूझँची कल्पना उचलली (तसं त्यांनी मोकळेपणाने मान्यही केलंय) आणि आजचं इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्यात ती मुरली. २०१३ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या नावाचा अभियांत्रिकीचा मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा पूझँ त्याच दोघांच्या आणि वेबचे जनक टिम बर्नर्स-ली, ब्राउझरवाले मार्क अँड्रीसन यांच्या रांगेत होते.

म्हणजे देशाची प्रतिष्ठा म्हणून खात्याने जे जपलं ते गेलं आणि देशातल्याच एका माणसाचं जे बुडवलं ते जगभर चाललं. मादाम स्वतः त्या खात्यातल्या. त्या म्हणतात, ‘आमच्याच साहेबांनी केलं.’ नाव घेऊन म्हणतात. कंपूशाहीने आपल्याकडे बुडवलेल्या गोष्टी आपण एवढ्या स्पष्टपणे सांगतो का, हा टोमणा समजा हवं तर.

या दोन प्रकारांतला फरक दिसत नसेल तर अलीकडची जोडी घ्या. २०१२ मध्ये फ्रेंच सरकारने ‘स्वदेशी क्लाउड’ (माहिती साठवायची देशी सोय) म्हणून क्लाउडवॉट आणि न्यूमर्जी अशा दोन कंपन्यांत मिळून १५ कोटी युरो ओतायचं ठरवलं. भाषणं जोरात झाली, गिऱ्हाईक आलं नाही. क्लाउडवॉटला २०२० च्या सुरुवातीला टाळं लागलं. त्याच सुमारास देशभरातल्या रुग्णांच्या माहितीचं नवं सरकारी भांडार ठेवलं कुठे, तर मायक्रोसॉफ्टकडे. जून २०२५ मध्ये सेनेटच्या चौकशी समितीने त्या कंपनीच्या फ्रान्समधल्या विधी-प्रमुखांना शपथेवर विचारलं, तुमच्याकडे सोपवलेली फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रान्सच्या संमतीशिवाय अमेरिकी सरकारच्या हाती जाणार नाही अशी हमी देता? उत्तर आलं, नाही देऊ शकत. मादामनी ते चित्रण सेनेटच्या साइटवर शोधून पाहिलं आणि राग काढला तो कंपनीवर नाही, भांडार तिथे ठेवणाऱ्यांवर.

आणि दुसरीकडे व्हीएलसी, संगणकावर व्हिडिओ दाखवणारा. तो नारिंगी-पांढरा शंकू नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंत एकाही मराठी माणसाच्या संगणकावर नव्हता असं होणार नाही. लग्नाच्या सीडीपासून टॉरेंटवरच्या सिनेमापर्यंत सगळं त्यानेच दाखवलं. पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोरांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं ते काम. वसतिगृहाचं नेटवर्क रडतखडत चालायचं, गेम खेळता येईनात, नवीन जाळं हवं तर निमित्त हवं. ‘आम्ही त्यावरून व्हिडिओ दाखवू’ हे निमित्त. २००१ पासून ते सगळ्यांसाठी खुलं. सरकारी झेंडा नाही, जाहिरात नाही, कोणाची माहिती गोळा करणं नाही. ते फ्रेंच आहे हे बहुतेकांना माहीतही नसतं. २०२२ मध्ये त्याची साइट भारतात काही महिने अडवली गेली, कारण कोणी धड सांगितलं नाही. कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरात ती पुन्हा उघडली. तेव्हा आपल्याकडे आरडाओरडा करणारे किती होते, आठवतं का बघा.

झेंड्याचं. १४ जुलैला इथे सामान्य घरांच्या खिडक्यांत झेंडे सहसा नसतातच. ते नगरपालिकेवर असतात, लोक आतषबाजी बघायला आणि अग्निशमन दलाच्या नाचाला जातात. मादामही जायच्या, गुडघे बरे होते तोवर. पण १३ नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यांत पॅरिस आणि सां-दनीमध्ये १३० माणसं मारली गेली, त्यानंतर अध्यक्ष ओलाँद यांनी २७ तारखेला घरोघरी तिरंगा लावायला सांगितलं. मादामकडे झेंडा नव्हता. त्यांनी गॅलरीतल्या दोरीवर निळा टॉवेल, पांढरा अभ्रा आणि लाल एप्रन चिमट्यांनी लावला. एप्रनवर तेलाचा डाग होता, तो आतल्या बाजूला.

हल्ल्यांनंतर लगेचच फेसबुकने प्रोफाइलच्या फोटोवर निळा-पांढरा-लाल रंग चढवायची सोय दिली होती. एक टिचकी, झालं. रंग किती वेळ ठेवायचा तेही आधीच निवडायचं. हल्ल्यांच्या आदल्याच दिवशी लेबनॉनच्या बैरुतमध्ये बॉम्ब फुटून चाळीसहून जास्त माणसं गेली होती, त्या देशाच्या झेंड्याची सोय मात्र नव्हती, यावर तेव्हा बरीच जुंपली. मी रंग चढवला होता. मादामनी नाही. म्हणाल्या, ‘आज रडू दाखवलं तर पुढच्या आठवड्यात मला ते गाद्यांच्या जाहिराती दाखवतील.’

तुम्ही शेवटी विचारलंय की या बाई व्हॉट्सअॅप वापरतात की नाही, खरं सांगा. वापरतात. नातवंडं मॉन्ट्रियलला आहेत. ई-मेल मात्र फ्रेंच टपाल खात्याचा, आणि तो दर दोन दिवसांनी अडतो म्हणून टपाल खात्याला पाठवायचं तक्रारीचं पत्र सध्या माझ्याकडून तपासून घेताहेत. तिसरा मसुदा आहे, भाषा पहिल्यापेक्षा कडक.