एरेटरने बादलीचं पाणी वाचत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की नळाला एरेटर (नळाच्या तोंडाशी बसणारा, पाण्यात हवा मिसळणारा छोटा जाळीदार भाग) लावला की हवा मिसळून पाणी निम्मं लागतं, अगदी बादली भरतानासुद्धा. हे अर्धंच खरं आहे. हवेचे बुडबुडे बादलीत पडले की फुटून जातात, 15 लीटरच्या बादलीला 15 लीटरच पाणी लागतं. नळ मिनिटाला 12 लीटर देत असेल तर ती सव्वा मिनिटात भरते, मिनिटाला 4 लीटर देणारा एरेटर लावला तर पावणेचार मिनिटं, म्हणजे नुसतं ताटकळत उभं राहायचं!

बचत होते ती वाहत्या पाण्याखालच्या कामात, हात धुणं, भाज्या धुणं. अर्धा मिनिट हात धुतले तर 6 लीटरऐवजी 2 लीटर, हा फरक खरंच मोठा आहे. आणि ही बचत हवा करत नाही, आतली बारीक भोकांची चकती करते, हवेमुळे फक्त धार भरल्यासारखी वाटते आणि शिंतोडे कमी उडतात. म्हणून एरेटर स्वतः डिझाईन करणाऱ्यांनो, नुसती जाळी बसवून काही होणार नाही, आधी भोकांचा साइज ठरवा, आणि प्रेशर कमीजास्त होत असेल तर दाबाने चपटी होऊन वाट अरुंद करणारी रबरी रिंग घाला.