ओंडक्याचे घनफूट आणि एका संदेशाचे अर्धसत्य

“लाकूड कोणतेही असो, घनमीटरला 35.3 ने गुणा, घनफूट मिळतील. 424 ने गुणा, बोर्ड फूट मिळतील. एक कॉर्ड म्हणजे 3.62 घनमीटर लाकूड, याहून वेगळा आकडा सांगणारा तुम्हाला फसवतो आहे,” असा एक संदेश बराच फिरतो आहे. माझ्या मावसभावाने तो खरा मानून लाकूड मोजून देणाऱ्या गृहस्थांना तोंडावर चोर म्हटले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

दोन्ही गुणक बरोबर आहेत, एवढे मान्य करावेच लागते. 1959 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एक फूट म्हणजे नेमके 0.3048 मीटर. त्यावरून एका घनमीटरात 35.31 घनफूट येतात आणि बोर्ड फूट हा घनफुटाचा बारावा भाग असल्याने 423.8 बोर्ड फूट येतात. परंतु समोरचा आकडा कोणत्या पद्धतीने मोजलेला आहे, हे विचारण्याची गरजच संदेशकर्त्याला वाटलेली नाही.

भावाचा ओंडका 3 मीटर लांब आणि मध्यावर 120 सेंटीमीटर गोलाईचा (म्हणजे परिघाचा) होता. त्याने वर्तुळाच्या सूत्राने 0.344 घनमीटर काढले, 35.3 ने गुणले आणि 12.1 घनफूट मिळवले. पावतीवर मात्र 9.5 होते. अडीच घनफुटांहून अधिक लाकूड चोरले, असा त्याचा आरोप. वास्तविक गोल लाकूड अनेक ठिकाणी हॉपस पद्धतीने मोजतात. एडवर्ड हॉपस यांची कोष्टके 1736 सालची. या पद्धतीत मधल्या गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. इथे 30 सेंटीमीटरचा वर्ग गुणिले 3 मीटर, म्हणजे 0.27 घनमीटर, अर्थात 9.5 घनफूट. हे माप खऱ्या घनफळाच्या 78.5 टक्केच भरते, कारण चिराईत वाया जाणाऱ्या लाकडाची सूट त्यातच धरलेली असते. म्हणून खऱ्या एका घनमीटराचे हॉपस फूट 35.3 नव्हे, 27.7 होतात. दर त्याच मापावर ठरलेला असेल, तर कोणी कोणाचे काही चोरलेले नसते. निव्वळ एका गुणकाच्या भरवशावर माणसाच्या सचोटीवर शिंतोडे उडवायला लावणारा हा संदेश मला म्हणूनच संतापजनक वाटतो.

बोर्ड फुटाचेही तेच. अमेरिकेत रंधा मारलेले ‘टू बाय फोर’, म्हणजे नावाने दोन बाय चार इंची लाकूड, प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते, पण हिशेब नावातल्या मापाने होतो. त्यामुळे आठ फुटी नग 5.33 बोर्ड फूट धरला जातो आणि हातात लाकूड येते 3.5 बोर्ड फुटांचे. कॉर्ड तर रचलेल्या ढिगाचे माप आहे: 4 बाय 4 बाय 8 फूट, म्हणजे 128 घनफूट, ओंडक्यांमधल्या पोकळ्यांसकट. त्याला 3.62 घनमीटर ‘लाकूड’ म्हणणे साफ चूक आहे.

भावाला मी ती पावती पुन्हा वाचायला लावली. आकड्याशेजारीच लिहिलेले होते: मोजणी पाव गोलाईने.