नीलकंठाचा चेहरा आपल्या भागातला असू दे

अमीश त्रिपाठींची शिवत्रयी, म्हणजे शिवावरच्या तीन कादंबऱ्या, वाचून ज्यांचा ज्यांचा हात पेन्सिलीकडे गेला, त्यांच्यासाठी हे लिहितेय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडकडची अशी मुलं-मुली मला भेटतात. वहीच्या मागच्या पानावर त्रिशूळ काढलेला असतो, आणि कुणी बघितलं की वही पटकन मिटतात. मिटू नका. जे करताय ते फार चांगलं आहे.

ही पुस्तकं मला जिवापाड आवडतात. इंग्रजीत पहिला भाग २०१० मध्ये आला, दुसरा २०११ मध्ये, तिसरा २०१३ मध्ये. आमच्या आत्यानं 'मेलुहाचे मृत्युंजय' घरी आणलं आणि आधी मलाच दिलं. मुखपृष्ठावर शिव पाठमोरा उभा होता. चेहरा नाहीच! आतल्या पानांतही माणसांची चित्रं नाहीत. शिवाची बायको सती कशी दिसते, सेनापती पर्वतेश्वराच्या कपाळावर आठ्या किती, सतीची बहीण काली हसताना कशी दिसत असेल, हे सगळं वाचणाऱ्यानंच ठरवायचं. मी ते कागदावर ठरवायला लागले आणि आजही ठरवतेच आहे.

आता माझं म्हणणं सांगते. मोबाईलवर बघून शिव काढू नका.

नेटवर जो शिव दिसतो तो अख्खा निळा. पोटावर स्नायूंच्या घड्या पाडलेल्या, केस नुकतेच धुतल्यासारखे, अंगाला धूळ नाही की घाम नाही. पुस्तकातला शिव असा कुठे आहे? तो मानसरोवराकाठच्या गुणा टोळीचा प्रमुख, रोजच्या चकमकींना कंटाळलेला, चिलीम ओढणारा माणूस. अंगावर वार झेलल्याचे व्रण. मेलुहात, म्हणजे कादंबरीतल्या सिंधूकाठच्या राज्यात, येतो तेव्हा त्याचा खांदा निखळलेला आणि पायाचं बोट हिमानं निकामी झालेलं. सोमरस हे तिथलं औषधी पेय प्याल्यावर ते बरं होतं आणि निळा होतो तो फक्त गळा. तोही लोकांना दिसू नये म्हणून तो कापड गुंडाळतो. ज्याला आपलं देवपण लपवावंसं वाटतं असा माणूस काढायचा आहे. त्याची मान कशी झुकेल, हात नकळत गळ्याकडे कसा जाईल, याचा विचार करा. तयार चित्राची नक्कल केली की हा विचारच करावा लागत नाही, आणि चित्र काढण्यातली खरी गोडी तर त्या विचारातच आहे.

मग बघायचं कुठे? आपल्या आजूबाजूला. यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानावर जा. लाल मातीत उभा राहिलेला पैलवान सिनेमातल्या नटासारखा नसतो. मान जाड, कान मोडलेले, खांदे गोल, पोट थोडं पुढे आणि पाय जमिनीत रोवल्यासारखे. माझा पर्वतेश्वर अशाच एका म्हाताऱ्या वस्तादांवरून आला आहे. ते मैदानाच्या कडेला पाठ ताठ ठेवून बसले होते आणि पोरगा हरला तरी चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. शिस्त हाच ज्याचा धर्म, असा मेलुहाचा सेनापती मला त्या बसण्यात सापडला. वैद्य आयुर्वती मला आमच्या भागातल्या एका सुईणीच्या हातांत दिसली. ही सगळी माणसं रोज आपल्यासमोरून जातात.

दुसरी जागा म्हणजे दगड. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण याबद्दल फार कमी बोललं जातं.

नागा लोक काढायला बसलं की सगळे अडतात. पुस्तकात नागा म्हणजे जन्मतः शरीरात व्यंग असलेली, समाजानं बाहेर काढलेली माणसं. गणेशाचा चेहरा हत्तीसारखा, कालीच्या खांद्यांवर जास्तीचे हात. काढायला गेलं की एक तर राक्षस होतो, नाही तर कॅलेंडरवरचा गोंडस गणपती. दोन्ही चूक. तो एक धीरगंभीर, दुखावलेला योद्धा आहे आणि त्याची आई सती त्याला पहिल्यांदा बघते तेव्हा तिला भीती नाही, पान्हा फुटला पाहिजे.

याचं उत्तर मला हलशीत मिळालं. खानापूरहून नंदगडमार्गे जाता येतं. हलशी म्हणजे कदंब राजांची जुनी राजधानी पलाशिका. तिथल्या भूवराह-नृसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, आणि एका गाभाऱ्यात भूदेवीला उचलून धरलेला वराह आहे. तोंड रानडुकराचं, अंग माणसाचं. ती मूर्ती बघताना एकदाही विचित्र वाटत नाही. का वाटत नाही, ते शोधायला मी तिथे वही घेऊन बसले. गुपित मानेत आहे. कारागिरानं जनावराचं डोकं माणसाच्या धडावर नुसतं बसवलेलं नाही. मान रुंद करत करत ती खांद्यात उतरवली आहे, त्यामुळे डोकं आणि धड एकाच जिवाचं वाटतं. शिवाय सगळं वजन एका पायावर आणि भूदेवीला धरणारा हात अगदी अलगद. ताकद पायात, माया हातात. घरी येऊन मी गणेश काढला तो असाच. मान रुंद, सुळे छोटे, नजर खाली आणि हात मोकळे.

वीरगळही बघा, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. आपल्याकडे कितीतरी गावांत देवळामागे, पारावर, शेताच्या बांधाला वीरगळ उभे आहेत. कुणी शेंदूर लावतं, कुणी त्यांना टेकून सायकल उभी करतं. वीरगळ म्हणजे दगडातली चित्रकथाच, आणि ती खालून वर वाचायची. सगळ्यात खाली लढाई, कधी गाईगुरं वाचवताना झालेली. त्याच्या वर अप्सरा वीराला स्वर्गात नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्रसूर्य. एका शब्दाशिवाय माणसाचं मरण आणि मरणानंतरचं सगळं त्यात सांगितलेलं आहे. ज्याला पुस्तकातला प्रसंग चौकटीत बसवायचा आहे त्यानं आधी एक वीरगळ उतरवून बघावा. ढाल कशी धरलीय, पडलेला माणूस घोड्याखाली कसा दाखवलाय, कमी जागेत गर्दी कशी केलीय, सगळं तिथे आहे.

आणि सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात वर उठलेला असतो. तो हात बघून मला दरवेळी गलबलतं. माझ्या चित्रातल्या, कादंबरीतल्या सतीचा हात मी त्या दगडावरूनच घेतला. तोच कोन, त्याच बांगड्या, पण मुठीत तलवार. विकर्मा, म्हणजे मागच्या जन्मीच्या पापाची फळं भोगणारी, म्हणून जिला दूर ठेवलं गेलं आणि तरी जी कुणाच्याही आधी लढायला उभी राहते, तिला मला हा हात द्यायचाच होता.

यावर कुणी म्हणेल, आणि आमच्या घरातही म्हणतात, की मेलुहा इ.स.पू. १९०० चा, कदंबांची देवळं बाराव्या शतकातली, मग ही खिचडी कशाला? प्रश्न रास्त आहे. माझा नियम असा आहे: उभं राहणं, वळणं, हातापायांची लय आपल्या दगडांवरून घ्यायची, पण वस्तू सिंधू संस्कृतीच्या. मोहेंजोदडोच्या त्या ब्राँझच्या नर्तकीचा डावा हात बांगड्यांनी पार खांद्यापर्यंत भरलेला आहे. तिथल्याच पुरोहित-राजाच्या मूर्तीच्या शालीवर तीन पाकळ्यांची नक्षी आहे. ती मेलुहाच्या दरबाऱ्यांच्या अंगवस्त्रावर किती शोभते! मेलुहाची राजधानी देवगिरी, ताम्र, रजत आणि स्वर्ण अशी तीन चौथऱ्यांवरची नगरी, काढायची तर मोहेंजोदडोचा विटांचा उंच चौथरा आणि सरळ रस्ते बघा. गाडी काढायची तर फार लांब जायला नको. १९७४ मध्ये महाराष्ट्रातल्या दायमाबादला, प्रवरेच्या काठी, ब्राँझचा बैलांचा रथ सापडला. हाकणारा उभा आहे आणि दांडीवर एक कुत्रासुद्धा आहे. मी तो कुत्रा प्रत्येक रथावर काढते.

हे सगळं मी शोधलं ते कादंबरीमुळे. 'असली पुस्तकं इतिहासाची मोडतोड करतात' म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, त्या पुस्तकांच्या आधी तुमच्या घरातलं किती जण बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती, हे जैन मंदिर, बघायला गेलं होतं? १२०४ सालची ती बस्ती, छताला लोंबणारं दगडी कमळ, अगदी शहराच्या पोटात आहे. मी तिथे पहिल्यांदा गेले ती सोमरसाच्या दालनाचं छत कसं काढावं या काळजीनं. आता त्या काळचे इथले रट्ट राजे कोण, त्यांचा चौथा कार्तवीर्य कोण, हेही मला ठाऊक आहे. कल्पनेनं हात धरून नेलं आणि इतिहासाच्या दारात सोडलं. यात मोडतोड कुठे झाली?

आणि पुस्तकासाठी चित्र काढणं हे हलकं काम नाही. मराठीत दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांसाठी लोक दिवाळी अंक जपून ठेवायचे. बोधचित्रांत ज्यांनी मोठं नाव केलं ते रवी परांजपे १९३५ मध्ये आपल्या बेळगावातच जन्मले, के. बी. कुलकर्णी सरांकडे शिकले. 'चित्र काढून पोट भरतं का' असं विचारणाऱ्या काका-मामांना हे नाव सांगा. आपल्याकडे शिवजयंतीचे चित्ररथ निघतात, दिवाळीत गल्लीगल्लीत मातीचे किल्ले होतात. प्रसंग डोळ्यासमोर उभा करायची हौस या भागाच्या रक्तात आहे. तिला कागदावर जागा मिळाली पाहिजे, एवढंच.

म्हणून एक मागणं आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथे दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं होतात. ग्रंथदिंडी असते, कथाकथन असतं, कविसंमेलन असतं. तिथे एक भिंत किंवा मंडपाची एक बाजू मुलांच्या चित्रांना द्या. अट एकच, आवडत्या पुस्तकातला प्रसंग आणि तो स्वतःच्या डोक्यातून काढलेला. बक्षीस नको, नंबर नको. लेखक पाहुणे आले की त्यांना त्या भिंतीपाशी उभं करा आणि मुलांना विचारू द्या. संयोजकांपैकी कुणी हे वाचत असेल तर भिंत लावायला, दोरी बांधायला, चिमटे आणायला मी येते.

पाऊस थांबला की हलशीला चित्रं काढायला जायचं ठरवतेय. कार्ट्रिज पेपरची वही, २बी आणि ६बी पेन्सिल, खोडरबर आणि डबा एवढंच लागेल. आई-वडिलांना विचारून या. लहान मुलांसोबत मोठं कुणीतरी हवंच. येणाऱ्यांनी खाली नुसतं 'येतो' किंवा 'येते' लिहा, आणि शिवत्रयीतला कोण काढायचाय तेही लिहा. काली कुणीतरी काढाच. माझ्याकडून तिचे वरचे दोन हात अजून खांद्यात नीट बसत नाहीयेत.