'मी रोबोट नाही'वर टिक केल्याने फोन हॅक होत नाही

गिरगावातल्या आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कालपासून मेसेज फिरतोय की 'मी रोबोट नाही' या चौकोनावर टिक केलं की फोन हॅक होतो आणि खातं रिकामं होतं. तसं नाहीये. मी वेबसाइट बनवतो, हा चौकोन स्वतः लावतो म्हणून सांगतोय. गूगलने तो २०१४ मध्ये आणला, त्याआधी वाकडीतिकडी अक्षरं ओळखत बसायला लागायचं. टिक हे निमित्त असतं हो, आतून बघतात तुमची हालचाल माणसासारखी आहे का, ब्राउझरमध्ये आधीच्या कुकीज, म्हणजे साइट्सनी ठेवलेल्या छोट्या नोंदी, आहेत का, आणि शंका आली की मग ते सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंगचे फोटो, ज्यात माझेही तीनतीन चान्स जातात.

पण मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही. कॉम्प्युटरवर खोटा कॅप्चा (माणूस की रोबोट तपासणाऱ्या अशा चौकोनाला कॅप्चा म्हणतात) येतो आणि म्हणतो, विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. तिथे पेज सरळ बंद करा, कारण त्याने गुपचूप एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते आणि ती चालवता तुम्हीच. खरा कॅप्चा असलं काही सांगत नाही.

मंडळाच्या वर्गणीच्या फॉर्मवर तर मी कॅप्चा ठेवलेलाच नाही, आजोबा लोक वैतागायचे. एक लपवलेला रकाना टाकलाय, माणसाला दिसत नाही, बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्रॅम, तो भरतो आणि सापडतो.

तर तो जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथे हा टाका.