इंजिन बंद पडलं की ब्रेक गेले? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, झोप उडाली. जुन्या ट्रकला हायड्रोबूस्ट, म्हणजे स्टीअरिंगच्या पंपाच्या तेलाच्या दाबावर ब्रेकला मदत देणारा बूस्टर, बसवल्याचं मी लिहिलं त्यावर तुम्ही म्हणता, एकाच पंपावर स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही टाकणं चूक, ड्रम ब्रेक काढून आधी डिस्क ब्रेक बसवा, आणि "इंजिन बंद पडलं की ब्रेक गेले, असलं लिहून लोकांचे जीव घालवू नका."

एक चूक मान्य. मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलतो तो) बोअर, म्हणजे आतला व्यास, मी सव्वा इंच लिहिला होता, तो एक इंच एक सूत आहे. दुरुस्त केलंय.

पण "जीव घालवू नका"? माझे वडील आयुष्यभर ट्रक चालवत होते, मी चौदा वर्षांचा असल्यापासून त्या गाडीखाली झोपून ब्रेक शू काढलेत, व्हील सिलिंडरचे रबर बदललेत, आणि एकदा उतारावर जुन्या व्हॅक्यूम बूस्टरचा (हवा खेचून केलेल्या पोकळीवर ब्रेकला मदत देणारा डबा) पाईप तडकला तेव्हा वडिलांच्या शेजारी मीच बसलो होतो. पेडल दगडासारखं झालेलं, वडील सीटवरून अर्धे उठून दोन्ही पायांनी त्यावर उभे, आणि गाडी कशीबशी गिअरवर आवरली. तो आवाज अजून कानात आहे. मी कुणाच्या जिवाशी खेळेन असं तुम्हाला वाटलंच कसं?

आता मुद्द्याचं. हायड्रोबूस्टला अॅक्युम्युलेटर असतो, पंपाचं प्रेशर तो साठवून ठेवतो. इंजिन बंद पडलं, बेल्ट तुटला, तरी दोन-तीन वेळा मदतीसकट ब्रेक मारता येतो. ते संपलं की पेडल जड होतं, पण रॉड मास्टर सिलिंडरपर्यंत जातोच, म्हणजे पायात जोर असेल तेवढा ब्रेक लागतो. हे मी मोकळ्या सपाट जागेत इंजिन बंद करून स्वतः बघितलंय, तीनदा पेडल नेहमीसारखं गेलं, चौथ्यांदा मांडी भरून आली पण ट्रक थांबला. आणि व्हॅक्यूम बूस्टरला तरी काय, समुद्रसपाटीला हवेचा दाबच १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), त्याच्यापुढे आतल्या डायाफ्रामला, म्हणजे रबरी पडद्याला, जोर मिळणार कुठून, म्हणून तो डबा एवढा मोठा लागतो. स्टीअरिंगचा पंप हजार पीएसआयच्या वर सहज जातो, त्यामुळे छोट्याशा बूस्टरमध्ये काम होतं. डिझेलला तर स्वतःचा व्हॅक्यूमच पुरेसा नसतो, वेगळा पंप लावावा लागतो.

जिवाचीच काळजी असेल तर जुन्या गाड्यांमधल्या एका सर्किटच्या मास्टर सिलिंडरबद्दल बोला ना. एक पाईप फुटला की चारही चाकं गेली. मी बूस्टरच्या आधी डबल सर्किट केलं, म्हणजे एक बाजू फुटली तरी दुसरी चालते, ते त्याच लेखात दुसऱ्याच परिच्छेदात आहे, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

स्टीअरिंगचं म्हणाल तर बेल्ट चांगला ठेवा, विषय संपला. फक्त बूस्टरचा रिटर्न, म्हणजे तेल परत नेणारा पाईप, वेगळा थेट टाकीत न्या, स्टीअरिंगच्या रिटर्नला टी मारून जोडलात तर मागे दाब साठून ब्रेक आपोआप चिकटतात. डिस्कवर आत्ता बोलायची इच्छा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. ते जिवाचं वाक्य तेवढं तुम्हीच मागे घ्या.