छापायचंच तर आहे की!

आमच्या बेळगावात गल्लीचं मंडळ म्हटलं की एक अध्यक्ष, एक खजिनदार, डझनभर सल्लागार आणि कामाला एक गडी. यंदा तो गडी मी. "तुला कॉम्प्युटरातलं कळतंय की," एवढ्या पात्रतेवर छपाईचं खातं माझ्या गळ्यात पडलं. गणपतीचं एकच चित्र, खाली मंडळाचं नाव. ते भगव्या टी-शर्टवर, प्रसादाच्या पिशवीवर, देणगीदारांच्या स्टीलच्या पेल्यांवर आणि निमंत्रणाच्या कार्डावर हवं होतं. "एकदा स्क्रीन केली की कशावरबी मारता येतंय. छापायचंच तर आहे की!" खजिनदारांनी हिशेबही मांडून ठेवला होता.

शहापुरातल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्या मामांनी तो हिशेब वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग न बोलता दोन स्क्रीन, म्हणजे जाळी ताणून बसवलेल्या दोन चौकटी, माझ्या हातात दिल्या. एकीची जाळी इंचाला 110 धाग्यांची, भोकं डोळ्यांना दिसत होती. दुसरीची 300 च्या वरची. कापड शाई पितं, म्हणून त्याला मोकळी जाळी आणि जाड थर. तोच थर कार्डावर दिला तर सोंड कुठली आणि मोदक कुठला, हे बाप्पालाच ठाऊक.

कृती ऐकायला सोपी. जाळीला अंधारात इमल्शन, म्हणजे उजेडानं घट्ट होणारा लेप, लावायचा, वाळवायचा, वर चित्राची काळी पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक फिल्मवर काळ्यात काढलेलं चित्र, ठेवून उजेड द्यायचा. उजेड लागलेला भाग घट्ट होतो, काळ्याखालचा पाण्यानं धुऊन जातो आणि तेवढ्याच वाटेनं रबराच्या पट्टीखाली शाई उतरते. पण बेळगावच्या श्रावणात 'वाळवायचं'? ओलसर राहिलं तर धुताना सगळंच सुटून येतं. मामांनी पंखा लावला. अध्यक्षांचे फोन सुरू.

"झालं काय?"

"वाळतंय."

"अजून?"

आता, ज्यांची स्वतःची पँट तीन दिवस दोरीवरून उतरली नव्हती, त्यांनी हे विचारावं!

खरा छळ देणगीदारांचा. प्रत्येकाला टी-शर्टच्या पाठीवर आपली जाहिरात, तीही रंगीत. एका रंगाला एक स्क्रीन, म्हणजे वेगळे पैसे, आणि सगळे रंग एकमेकांवर नेमके बसले पाहिजेत. केसभर हलले तर अक्षरांना सावली. कुंदेवाल्यांना कुंद्याचा फोटो हवा, "तो खमंग तपकिरी रंग आला पाहिजे बघा." फोटोतल्या छटा ठिपके पाडूनच छापाव्या लागतात. एका भावी नगरसेवकांच्या चेहऱ्याचा तसा नमुना काढला, तर साहेबांना कांजिण्या आल्यासारखं दिसायला लागलं. त्यांनी चेहरा मागे घेतला. देणगी मात्र मागे घेऊ दिली नाही, हे माझं यंदाचं एकमेव कर्तृत्व.

पिशवीची तऱ्हा निराळी. टी-शर्टवरची प्लास्टिसोल शाई पक्की व्हायला 160 अंशांच्या आसपास तापवावी लागते. नॉन-वोव्हन पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, ती त्या उष्णतेला अंगच टाकते. तिला हवेवर वाळणारी वेगळी शाई. स्टीलला तर काहीच शोषता येत नाही. आधी पेल्याचा तेलकटपणा पुसायचा, मग हार्डनर घातलेली शाई. ती एकदा कालवली की थोड्या वेळात डब्यातच घट्ट व्हायला लागते. नेमकी तेव्हाच अध्यक्षांना नावातली वेलांटी बदलायची होती.

तरी मामांचा धंदा टिकलाय तो उगाच नाही. स्क्रीनचा खर्च दहा नगांना तेवढाच, हजाराला तेवढाच. जेवढं जास्त छापाल तेवढं नगामागं स्वस्त. ("कमिटीला पाच स्पेशल" हा ठराव तिथंच बारगळला.) शिवाय शाईचा थर असा दाट, की गडद कापडावरही उठून दिसतो. आमच्या गल्लीतली पोरं जुन्या उत्सवांचे टी-शर्ट घालून अजून क्रिकेट खेळतात. कापड विरलंय, वर्गणीदारांची नावं शाबूत.

फक्त एका गोष्टीला मामा शेवटपर्यंत नको म्हणत होते. खजिनदारांनी स्वस्तात पॉलिस्टरचे भगवे टी-शर्ट उचलले होते. "ओ, तापवलं की पॉलिस्टरचा रंग सुटतोय आणि पांढऱ्या शाईत चढतोय. सुती आणा, नाहीतर ह्याची वेगळी शाई येते, ती घ्या." वेगळी शाई महाग. खजिनदारांनी साधीच मारायला लावली.

विसर्जनाच्या मिरवणुकीत दीडशे पाठींवरची पांढरी अक्षरं फिकट केशरी झालेली. मी खजिनदारांना दाखवली. ते खूश.

"बघ, दुसरा रंग आला की! आणि स्क्रीनचे पैसे एकाच रंगाचे दिलेत."