‘परखड वाचक’ यांस उत्तर: मॅग्नुसन कुठले?

परखड वाचक, नमस्कार.

बीबीसीवरच्या ‘मास्टरमाइंड’ या प्रश्नमंजुषेचे सूत्रसंचालक मॅग्नस मॅग्नुसन यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याचं उत्तर तिथेच देणार होतो. लांबत गेलं म्हणून इथे. इतरांसाठी थोडक्यात: तुमच्या मते ‘मास्टरमाइंड’ 1973 साली नव्हे, 1972 साली सुरू झालं, मॅग्नुसन यांच्या अनुवादांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही, आणि ‘ते स्कॉटिश नव्हतेच, आइसलँडचे होते’. वर शेवटी ‘थोडा अभ्यास करून लिहीत जा’ हा आशीर्वाद.

वर्षाचं मान्य. सप्टेंबर 1972. त्र्याहत्तरमध्ये कार्यक्रम रात्री उशिराच्या वेळेतून उचलून लोक जागे असतात त्या वेळेला आणला, तिथे माझा घोळ झाला. पण एका आकड्यावरून एकदम अभ्यास काढायचा? माझे वडील गणिताचे मास्तर. चुकलेल्या उत्तराभोवती लाल पेनाने गोल करायचे, बस. शेरा कधी मारला नाही. असो.

आता ‘स्कॉटिश नव्हतेच’. हा ‘च’ मला झोंबला, लपवत नाही.

जन्म आइसलँडच्या रेक्याविकचा, 1929. बाळ वर्षाचंही नव्हतं तेव्हा बिऱ्हाड स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला आलं. शाळा तिथली. ऑक्सफर्डहून परतल्यावर वर्तमानपत्रातली नोकरी स्कॉटलंडची, संसार तिथला, पुढे तिथल्या निसर्गरक्षणाच्या सरकारी संस्थेचं अध्यक्षपद, 2007 साली मृत्यूही तिथेच. पासपोर्ट मात्र आइसलँडचा, म्हणून 1989 साली मिळालेला किताब मानद आणि नावापुढे ‘सर’ नाही. हे तुम्ही मला सांगताय, जणू मी ते दडवलं होतं! पासपोर्टाने माणूस ठरत असेल तर बोलणंच खुंटलं.

त्यांचं नावच बघा. आइसलँडच्या रीतीत सहसा आडनाव नसतं, बापाच्या नावाला मुलासाठी ‘सोन’ आणि मुलीसाठी ‘डोत्तिर’ लागतं. वडील सिगुरस्टेन, म्हणजे चिरंजीव सिगुरस्टेनसन व्हायला हवे होते. पण ब्रिटनच्या रिवाजाने वडिलांचंच ‘मॅग्नुसन’ आडनाव म्हणून चिकटलं. कन्या सॅली, तीही बीबीसीवरची. तिकडच्या हिशोबाने मॅग्नुसडोत्तिर, पण ती मॅग्नुसनच. जे नाव तुम्ही आइसलँडचा पुरावा म्हणून पुढे करता, तेच मुळी इकडच्या पाण्याने मुरलेलं आहे.

माझी तिसरी पिढी इंदूरची. घरात मराठी, गल्लीत हिंदी. पुण्यात कॉलेजला आलो तेव्हा मेसमध्ये पहिल्याच दिवशी म्हणालो, “मी जेवून राहिलोय.” अख्खं टेबल हसलं. ताटात भेंडीची भाजी होती, अजून आठवते. पुढची तीन वर्षं मी ‘ते हिंदीवाले’. आणि सुट्टीत इंदूरला गेलो की शेजारी विचारायचे, महाराष्ट्रातून कधी आलास? तेव्हा कोण कुठला ‘नव्हताच’ हे मला कुणी शिकवू नये. तुम्ही तर नाहीच.

आणि गंमत बघा. ‘मास्टरमाइंड’ सुचलं त्याचे निर्माते बिल राइट यांना, महायुद्धात जर्मनांच्या कैदेत झालेल्या चौकशीवरून. काळोख, एक झोत, स्पर्धकाची ती काळी खुर्ची. मॅग्नुसन समोरच्याला विचारायचे नाव, व्यवसाय, विषय. मूळ गाव नाही!

राहिला अनुवादांचा मुद्दा. हेर्मान पॉल्सन यांच्यासोबत त्यांनी आइसलँडच्या जुन्या सागा, म्हणजे तिथल्या गद्य वीरकथा, इंग्रजीत आणल्या, हे मला ठाऊक आहे. माझा लेख काळ्या खुर्चीबद्दल होता. सगळंच एका लेखात हवं असेल तर तुम्ही लिहा, आम्ही वाचू.

लेखात 1973 चं 1972 केलं आहे. ‘स्कॉटिश’ तसंच ठेवलंय.